फुकटचं फिजिक्स

फिजिक्स शीक असं मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहुतेक शिकलेही नसते, कारण त्या दिवसांत कुणी काही सांगायला लागलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. झालं एवढंच, की दहावीच्या वर्षी आमच्या सायन्सच्या मास्तरांना निवडणुकीच्या कामाला लावलं. ते परत आले तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती आणि पुस्तकातले शेवटचे धडे शिकवायचे राहून गेले. "परीक्षेत येत नाही यातलं काही, सोडा," म्हणून त्यांनी हात झटकले. वर्गाने आनंदाने सोडलं. माझ्या मात्र ते धडे डोक्यातून जाईनात. मी दहावी पास झाले, गावात पुढे फक्त आर्ट्स होतं म्हणून आर्ट्सने बारावी झाले, घरी बसले, बरोबरीच्या मुली एकेक करून सासरी गेल्या, तरी ते राहिलेले धडे आपले तिथेच. आता कधी कुणी विचारतं, मॅडम, तुम्हाला विज्ञानाची गोडी कशी लागली? गोडीबिडी काही नाही. अर्धवट पडलेलं काम मला बघवत नाही, हा माझा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावाने मला जन्मभर दमवलं आहे.

आमचं गाव नवेगावबांधच्या अलीकडे, आणि आमची घरं विहाराच्या मागे. बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर जायचे. सकाळी शिळ्या भाताला तिखटमीठ लावून खायचे, कांदा खिशात टाकायचे आणि निघायचे. दिवसभरात त्यांच्या तोंडून जेवढे शब्द निघत तेवढे रोपांनाच माहीत. मोठी बहीण लग्न होऊन गेली होती. राहिलो मी आणि माय, आणि माय म्हणजे बिडी. आदल्या दिवशी भिजवलेला तेंदूपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. सकाळी तो उलगडला की माय पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्याच मापाची पानं कापत बसायची. कर्र कर्र असा तो आवाज, मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि मग आवाज बंद. नुसती बोटं चालायची. भाताला तंबाखूचा वास, पांघरुणाला तंबाखूचा वास, माझ्या केसांना तंबाखूचा वास. बाहेरच्या माणसाला आमच्या घरात शिरल्याबरोबर शिंका यायच्या. मायला खोकला यायचा, पण तो आम्ही कधी ऐकलाच नाही. घरातला खोकला ऐकू येत नाही.

दुपारी लाखोळीची डाळ आणि भात. बाजाराच्या दिवशी झिंगे आणले असतील तर ते वांग्यात घालून, आणि अंबाडीच्या दिवसांत रोज अंबाडी, दात आंबून जाईपर्यंत. जेवण झालं की माय एक काम करायची, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. वळून झालेल्या बिड्या ती पुढ्यात पसरायची आणि एकेक उचलून बोटांनी दाबून पाहायची. एखादी सैल, एखादीचं तोंड नीट मुडपलेलं नाही, एखादीच्या पानाला भोक. ती बाजूला. कारखान्यात ठेकेदाराचा चेकर असायचा. तो बिड्यांचा कट्टा, म्हणजे बांधलेली जुडी, हातात घ्यायचा, त्यात दोनचार वाईट बिड्या सापडल्या की अख्खा कट्टा मोडून टोपल्यात फेकायचा आणि वर चारचौघींत बोलायचा. मोडलेल्या मालाला 'छाट' म्हणायचे. दुसऱ्या बायांची छाट निघायची, माझ्या मायची कधी निघाली नाही, कारण ती घरीच छाटून न्यायची. "चेकरले बोलाची संधी द्याची नाही," ती म्हणायची. "आपल्या घरातून वाईट माल भायेर जाऊ द्याचा नाही." लहानपणापासून मी तिच्यासमोर बसून तेच करत आले होते. बारावीनंतर दिवसभर करायला लागले.

कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो अर्जुनी मोरगावला, दिनेशभाऊच्या सायबर कॅफेत. कुठल्याशा भरतीचा अर्ज भरायला गेले होते. दिनेशभाऊ गोंदियाचा, त्यामुळे अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. अर्ज भरून झाला, वेळ थोडा शिल्लक होता, तो म्हणाला, "टाइम बचा है दीदी, कुछ देखना है तो देखो." काय पाहू? मी त्या राहिलेल्या धड्याचं नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने इंग्रजीत ते टाईप केलं, आणि पडदा भरून गेला. कुठल्या कुठल्या देशांतले मास्तर, त्यांच्या वर्गांची चित्रं, पुस्तकंच्या पुस्तकं, आणि सगळं फुकट. मला विश्वासच बसेना. आमच्याकडे फुकट म्हटलं की लोक आधी त्यात किडे शोधतात.

पण फुकट गोष्टही घरापर्यंत आणायला माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. एका वर्गाची फाईल उतरायला अख्खी सकाळ जायची, आणि मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा लोडशेडिंग इतकं की लाईट जाण्याची नव्हे, येण्याची वेळ लोक एकमेकांना सांगायचे. दिनेशभाऊ सकाळी फाईल लावून ठेवायचा, मी आठवड्याच्या बाजाराला सायकलने जायची तेव्हा जे उतरलं असेल ते तो सीडीवर घालून द्यायचा. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या सुभद्राकाकूकडे टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र दोन्ही होतं, तिच्या लेकाने सिनेमासाठी आणलेलं. तिच्या ओसरीत दुपारी गल्लीतल्या चारपाच जणी सुपं घेऊन बिड्या वळत बसायच्या, आणि मी माझी सीडी लावायची.

त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. पडद्यावर एक म्हातारा गोरा मास्तर, बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या, फळ्यावर खडूने लिहितो आहे आणि मधेच टेबलावर चढतो आहे. समोर ओळीने बसलेल्या आमच्या बाया, मांडीवर तंबाखू.

"हा काऊन एवढा उड्या मारून राहिला वं?" सुभद्राकाकू विचारायची.

"शिकवून राहिला काकू."

"शिकवाले उड्या कायले लागते? आमच्या पोट्ट्याइचे मास्तर त खुर्चीवरून उठत नाही."

मग कुणीतरी त्याच्या लुगाईची, म्हणजे बायकोची, चौकशी करायची, कुणी म्हणायची बिचाऱ्याचा सदरा किती चुरगळला आहे. सिनेमा लाव असं मात्र कुणी म्हणत नव्हतं. मला त्याचं इंग्रजी फार तर दहातलं एक वाक्य कळायचं. मी फळा वाचायची. गणिताची चिन्हं सगळीकडे सारखीच असतात, तेवढ्यावर मी तरले. दिल्लीच्या शाळांची पुस्तकं हिंदीतून फुकट मिळतात हा शोध दिनेशभाऊनेच लावला आणि पानं छापून दिली. आमच्या भागात हिंदी सगळ्यांच्या कानावरची. म्हणजे मास्तर इंग्रजीत, पुस्तक हिंदीत, आणि अडलं की दहावीचं मराठी पुस्तक. एकेका ओळीला तीन दरवाजे ठोठावायचे, एखादा तरी उघडायचा.

ते राहिलेले धडे थोड्याच दिवसांत संपले. तेव्हा थांबले असते तर बरं झालं असतं, असं मी आजही काही संध्याकाळी म्हणते, पाय सुजलेले असतात तेव्हा. पण एक धडा संपला की तो पुढच्या धड्याचं नाव सांगून जायचा. काही गोष्टी कळल्या त्या दिवशी मी इतकी खूश होते की रात्रीचं जेवण जास्त गेलं, हेही खरं. आणि सांगायला कुणी नव्हतं, हेही खरंच. मायला सांगायला गेले तर ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मंग आता याचं का करतेस?" चिडून नाही, खरोखरच विचारायची. मला उत्तर येत नव्हतं.

उत्तर सापडलं ते मुक्त शाळेच्या रूपाने. घरी बसून अभ्यास करायचा, सायन्स घेऊन पुन्हा बारावी द्यायची, हिंदीतून दिली तरी चालते, फक्त प्रात्यक्षिक गोंदियाच्या केंद्रावर जाऊन करायचं. ती पास झाले की गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालता येणार. बाबांनी मान हलवली, म्हणजे नाही म्हटलं नाही. पण नेमकी त्याच वर्षी गावच्या अंगणवाडीतली बाई म्हातारपणामुळे काम सोडणार होती आणि माय तीन वेळा सरपंचीणबाईच्या दारात जाऊन बसली होती. माझ्या मायला कुणाच्या दारात बसायचं म्हणजे मरण. पण ती बसली, आणि सरपंचीणबाई म्हणाली की तुझी पोरगी बारावी आहे, तिच्यासाठी शब्द टाकते, जूनपर्यंत काय ते सांगा.

"गावातल्या गावात नोकरी भेटून राहिली," माय म्हणाली. "तू तिथी लागली का मी हे सूप खाली ठेवतो. बोटं वाकत नाही आता माही. छाती भरून येते." आमच्याकडे बायाही 'मी ठेवतो, मी जातो' असंच बोलतात, मायचं बोलणं मी तसंच लिहिते आहे, कारण पुस्तकी भाषेत लिहिलं तर मला ती दिसत नाही.

मी म्हटलं, "माय, एक डाव परीक्षा देऊ दे."

"एकच डाव," ती म्हणाली. "नापास झाली त अंगनवाडी. मंग रडाचं नाही."

असं ठरलं. म्हणजे एका पारड्यात माझं फिजिक्स आणि दुसऱ्यात मायची छाती. मी हे तेव्हाही जाणून होते. तरुणपणी माणूस जाणून असतो आणि तरीही करतो.

बाकीचे विषय पाठ करून निघण्यासारखे होते. फिजिक्सचा पेपरही निघाला असता. भीती प्रात्यक्षिकाची होती, कारण मी प्रयोगशाळा कधी आतून पाहिलेलीच नव्हती. केंद्रावर रविवारी वर्ग व्हायचे, तिथे दोनचारदा गेले, तर तिथला सर म्हणायचा, "मैडम, टेन्शन मत लो, रीडिंग लगा देना." रीडिंग लावणं म्हणजे उत्तर पुस्तकात बघायचं आणि त्यावरून उलटं गणित करून नोंदी लिहायच्या. सगळे तसंच करायचे. मला ते पटलं नाही. उड्या मारणाऱ्या मास्तराला मी इतकं बघितलं होतं की मोजल्याशिवाय लिहिणं मला चोरी वाटायचं. म्हणून मी घरीच मोजायला लागले. छपराच्या वाशाला बिडीचा दोरा बांधला, दोऱ्याला एक लहानसा लोखंडी नट, आणि सुभद्राकाकूच्या सुनेचा मोबाईल वेळ मोजायला. लंबक हलायचा, मी हेलकावे मोजायची, आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते ते काढायची. पुस्तकात उत्तर होतं नऊ पूर्णांक आठ. मधेच कोंबडी दोऱ्याला धडकायची, मायला खोकला यायचा, आकडा चुकायचा.

मी पुष्कळ वेळा मोजायची आणि मग सगळे आकडे पुढ्यात घेऊन बसायची. जे नऊ पूर्णांक आठच्या जवळ ते ठेवायचे, जे दूर ते काढून टाकायचे. यात लबाडी आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मी खरं मोजत होते, आणि मोजलेल्यातला चांगला माल ठेवत होते. माझ्या घरात मालाचं दुसरं काही करतात हे मला माहीतच नव्हतं. तो गोरा मास्तर प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे असं काहीतरी लिहायचा, ते मी शंभरदा पाहिलं होतं. आपण उत्तराखाली दुहेरी रेघ मारतो तशी ती त्यांच्याकडची पद्धत असेल, असं मी धरून चालले होते. मोजण्यात किती चूक असू शकते ते सांगायची ती खूण, हे पुष्कळ नंतर कळलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी देवलगाव स्टेशनवरून सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेले. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झालेला, गाडीतल्या बायांच्या हाताला पानांचा काळपट चीक. केंद्राची प्रयोगशाळा एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होती, पत्र्याखाली, आणि लाईट गेलेली. बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले होते. उंच, किरकोळ, मानेवर रुमाल ठेवलेला, आणि चेहऱ्यावर असा कंटाळा की बघणाऱ्यालाही जांभई यावी. केंद्रावरचा सर त्यांच्या पुढ्यात चहा ठेवत होता. मला चिठ्ठीत लंबकच निघाला. मला वाटलं, नशीब उघडलं.

पितळेचा चांगला मोठा गोळा होता, घरच्या नटासारखा फुसका नाही. खरं घड्याळ होतं. मी मन लावून मोजलं, वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांवर, कच्च्या कागदावर सगळे आकडे घेतले. बरेच आकडे साडेनऊच्या आसपास येत होते, दोनचार मात्र नऊ पूर्णांक आठच्या जवळ. मी ते दोनचार निवडून स्वच्छ अक्षरात उत्तरपत्रिकेवर लिहिले. कच्चा कागद चुरगळून मुठीत धरला. परीक्षकांसमोर उभी राहिले. त्यांनी पाहिलं, चष्मा वर केला.

"हे कोणाचं पाहून लिहिलं?"

"कोणाचंच नाही सर. मोजलं."

"खोटं नको बोलू बाई. तीस वर्षं झाली मला, पुस्तकाशी इतके जुळणारे आकडे माझे कधी आले नाही. घरून पाठ करून आली?"

"मोजलं सर," मी पुन्हा म्हटलं.

ते केंद्राच्या सरांकडे वळले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "कॉपीची केस करून टाका. दरवर्षी हेच." सर चुळबुळ करायला लागले. डोळ्यांपुढे मायचं तोंड आलं. अंगणवाडी आठवली नाही, सरपंचीणबाई आठवली नाही, कॉपीचं नाव गावात गेलं तर तिला चारचौघींत काय ऐकावं लागेल ते आलं. मी मूठ उघडली आणि तो चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला.

"बाकीचे हे आहेत सर. हे छाटले."

त्यांनी कागद सरळ केला. बराच वेळ पाहत राहिले. "हे सगळे आज मोजले?"

"हो सर."

"मग छाटले काऊन?"

"वाईट निघाले सर."

"वाईट म्हणजे?"

"उत्तरापासून दूर."

"उत्तर तुला आधीच माहीत होतं?"

"पुस्तकात आहे सर."

"मग मोजलं कशाला?"

आजही, वर्गात उभी असताना, एखाद्या वेळी तो प्रश्न आठवतो आणि मी फळ्याकडे तोंड करून थोडी थांबते. पोरांना वाटतं मॅडमला गणित अडलं.

परीक्षकांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या टाकून दिलेल्या आकड्यांवरून फिरवली. "बघ. हे तू टाकलेले सगळे एकमेकांशी जुळतात. साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ. आणि हे तू ठेवलेले, हे पुस्तकाशी जुळतात, तुझ्या बाकीच्या आकड्यांशी नाही. घड्याळ दाबताना चुकलेले दिसतात. तू चांगले फेकले आणि चुकीचे मला आणून दिले." मग त्यांनी मनगटाकडे पाहिलं. "माझी गाडी आहे. तेवढ्या वेळात पुन्हा कर. इथे, माझ्यासमोर. एकही आकडा खोडायचा नाही. खोडलास तर मी केस करतो."

मी पुन्हा केलं. घाम डोळ्यांत जात होता. येईल तो आकडा थेट उत्तरपत्रिकेवर लिहायचा, वेडावाकडा, जसा आला तसा. मला इतकी लाज वाटत होती की सांगता येत नाही. घरातला सगळा वाईट माल मी स्वतःच्या हाताने लोकांपुढे मांडते आहे असं वाटत होतं. आकडे पुन्हा साडेनऊच्या आसपासच आले. फरकाचं कारण विचारलं त्या जागी मी लिहिलं, 'उत्तर कमी आले. का ते कळले नाही.' परीक्षकांनी न वाचताच की वाचून, कुणास ठाऊक, सही केली, रुमाल खिशात घातला आणि जिन्यावरून उतरून गेले. पास की नापास, चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले होते. सौंदड स्टेशन गेलं आणि मला एकदम कळलं. मी दोरा मोजला होता, गोळा मोजला नव्हता. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. घरी नट इतका लहान होता की फरक पडत नव्हता. इथे गोळा मोठा, आणि मी त्याच्या वरच थांबले होते. म्हणून सगळे आकडे एकाच बाजूला कमी. ते टाकलेले आकडे सकाळपासून मला हेच सांगत होते. कळल्याचा आनंद झाला का? झाला असेल, पण तो जाणवण्याइतकं अंगात त्राण नव्हतं. समोरच्या बाकावर एक बाई पाय वर घेऊन गाढ झोपली होती, तिच्याकडे पाहून माझ्या मनात आलं, नापास झाले तर किती बरं होईल. उद्यापासून अंगणवाडी, लेकरांना खिचडी वाढायची, दुपारी घरी येऊन आडवं व्हायचं. काही कळून घ्यायचं नाही, कुठे जायचं नाही. देवलगाव येईपर्यंत मी मनापासून तेच मागत होते.

निकाल दिनेशभाऊच्या कॅफेतच पाहिला. पास. फिजिक्सच्या प्रात्यक्षिकात जेमतेम, पण पास. दिनेशभाऊने चहा मागवला, त्याचाच निकाल असल्यासारखा तो दुकानभर सांगत फिरला. आता माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या खिशात त्याच्या अख्ख्या कॅफेहून मोठी गोष्ट असते. मी तासिका तत्त्वावर शिकवते, दरवर्षी नवं पत्र घेऊन, आणि दरवर्षी त्यांना सांगते की सगळं फुकट आहे रे बाबांनो, बघा. ते मान हलवतात. त्यांचाही दोष नाही. जे मिळवताना दम लागत नाही ते बघायला वेळ सापडत नाही. पण ते राहू दे.

घरी येऊन सांगितलं, "माय, पास झाली मी."

मायने हात धुतले, लुगडं झटकलं, चप्पल घातली. म्हटलं, कुठे चाललीस? म्हणाली, "सरपंचीनबाईले सांगा लागन ना. ते बिचारी शब्द टाकून बसली." मी म्हटलं मी येते बरोबर. "नको. तू आली त त्याइले वाटंल माज आला." आणि एकटीच गेली. ज्या दारात तीन वेळा मागायला बसली होती त्याच दारात आता नको म्हणायला. मी ओट्यावर बसून राहिले. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती परत आली, पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसली.

"काय म्हणे?"

"काय म्हनन? दुसरी बाई पायतीन."

थोडा वेळ खोकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? मले वाटे, तू नापास हून येशीन त बरं. तू बी एका जागी बसशीन, मी बी."

मला राग आला नाही. "मले बी वाटलं होतं माय," मी म्हटलं. "गाडीत."

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग आता?"

"आता गोंदियाले कॉलेजात नाव टाका लागते."

"किती वर्साचं रायते थे?"

"तीन."

माय उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून ओढत होती.

"तीन वर्सं अजून रेटतो मी," ती म्हणाली.